ओरिजिनल अण्णा

अण्णांना चहा द्यायचा तर काचेच्या ग्लासात द्यावा. कपबशीत दिला की पंचाईत होते. ते भरलेला कप तसाच डोळ्यांच्या वर उचलतात, मान वाकडी करून बुडाखालचा शिक्का वाचतात आणि थोडा चहा बाहीत गेल्यावर निकाल देतात, "ओरिजिनल नाही हा. मोल्डिंग बघा की."

तुमच्या गावातही असा एक असणारच. त्याच्या दारात एक जुनी मोटारसायकल उभी असते, मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आणखी दीड असते आणि बायको त्या दीडवर गोधड्या वाळत घालते. आमच्या सिल्वासात तो टोकरखाड्यात राहतो. तरुणपणी यार्नच्या कंपनीत मेंटेनन्सला लागला, निवृत्त झाला, आता जावा पुसतो. जावा 1969 ची, लाल, दोन सायलेन्सरची. ती गाडी 'ओरिजिनल' आहे. हे मी सांगायची गरज नाही, अण्णा स्वतःच सांगतील. तुम्ही पत्ता विचारायला थांबला असाल तरी सांगतील.

खरं तर सिल्वासात हा शब्द काही नवा नाही. शनिवारी संध्याकाळी गुजरात पासिंगच्या गाड्या हद्द ओलांडून येतात आणि काउंटरवर हळू आवाजात हाच प्रश्न विचारतात, "ओरिजिनल छे ने?" पण त्यांचा प्रश्न बाटलीपुरता असतो. अण्णांचा प्रश्न अखिल सृष्टीला असतो. हापूसची पेटी आणली तर रत्नागिरी की वलसाड? लग्नाला गेले तर नवऱ्यामुलाचे केस ओरिजिनल का? डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा वापीच्या डॉक्टरांना त्यांनी टेबलावर आडवं पडून विचारलं, "लेन्स ओरिजिनल टाकणार ना?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, ओरिजिनल तर काढायचीय." तेव्हापासून त्या डॉक्टरांबद्दल अण्णांचं मत चांगलं नाही.

वहिनींनी एकदा पोह्यांची प्लेट पुढे ठेवत मला ऐकवलं होतं, "या घरात ओरिजिनल म्हणून एक ती गाडी आणि एक मी. तिला नवीन केबल मिळते."

जावा सुरू करणं हा पाहुण्यांच्या अपमानाचा कार्यक्रम असतो. या गाडीला किक आणि गिअर यांची कांडी एकच. आत दाबून फिरवली की ती किक होते, सोडली की पुन्हा गिअर. हे माहीत नसलेला माणूस उजव्या बाजूला किक शोधत राहतो. अण्णा त्याला शोधू देतात. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग "नव्या पिढीला..." एवढं म्हणून वाक्य सोडून देतात.

म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये 1961 पासून या गाड्या बनल्या, पुढे त्यांचंच येझदी हे नाव झालं आणि 1996 ला कारखाना बंद पडला. '1996' हा आकडा अण्णा अशा घोगऱ्या आवाजात उच्चारतात, की किलवणी नाक्यावर नव्याने आलेल्या एकाने विचारलं, "आजारी होते का?" अण्णा म्हणाले, "बरीच वर्षं." 2018 मध्ये जावा नावाची नवी गाडी बाजारात आली. शोरूमचा मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, सेम ओरिजिनल लूक." अण्णा सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, गाडी चालू करायला लावली आणि बराच वेळ वाट बघून विचारलं, "धूर कुठाय?" गाडी फोर स्ट्रोक आहे, हे त्या मुलाने समजावून सांगितलं. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरचं कोणी गेल्यावर ठेवतात तसा.

रविवारी सकाळी आठला नाक्यावरच्या टपरीवर मंडळी जमतात. बुलेटवाले शेठ, आरएक्स 100 वाले गुरुजी, एक राजदूतवाला, आणि मी. माझ्याकडे साधी स्कूटर आहे. मला मंडळात घेतलंय ते श्रोता म्हणून. गप्पांचा विषय पॉइंटच्या गॅपपासून सुरू होतो आणि शेठच्या शुगरवर येतो.

"शुगर किती निघाली?"

"ते मिसेसला माहिती."

"आणि ॲव्हरेज?"

"हायवेला बत्तीस पॉइंट चार."

मुलीची फी, सुनेचा स्वभाव, जीएसटी, गुडघे, सगळं या टपरीवर निघतं, पण कोणत्या तरी पार्टच्या आडून. राजदूतवाल्याचं घरी बिनसलं की तो म्हणतो, क्लच ओढत नाही. आम्ही क्लचवरच सल्ला देतो. त्याचं त्याला कळतं.

मध्यंतरी व्हिंटेज नंबरचं खूळ निघालं. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर घेता येतो, वीस हजार भरून. मात्र ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. अण्णांनी नियम चष्मा लावून, मग चष्मा काढून वाचला. "म्हणजे वीस हजार भरायचे, आणि दूध आणायला रिक्षाने जायचं?" तो विषय तिथेच मिटला. शिवाय त्यांच्या गाडीवर डीएन-09 आहे. 2020 च्या 26 जानेवारीला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र झाले, नव्या गाड्या डीडीच्या निघू लागल्या. तेव्हापासून अण्णा नंबरप्लेट टाकीपेक्षा जास्त पुसतात. "ही ओरिजिनल प्लेट. आता असली मिळत नाही."

गुरुजी कोकणा समाजातले, खानवेलच्या बाजूच्या शाळेत शिकवतात. बोलतात कमी, वाचतात फार. एका रविवारी शेठनी गुपचूप तैवानची केबल टाकली म्हणून अण्णांनी त्यांना अर्धा तास झोडपलं. गुरुजींनी ग्लास खाली ठेवला.

"अण्णा, तुमच्या पहिल्या जावाचं डिझाइन जर्मनीच्या वाँडररचं. ते चेक कारखानदार यानेचेकने 1929 ला विकत घेतलं. म्हैसूरला जावा आली ती लायसन्सवर. शेठची बुलेट इंग्लंडची, मद्रासला आली 1955 ला. राजदूत पोलंडच्या एसएचएलवरून काढलेली, माझी यामाहा जपानची. गाव घ्या. पोर्तुगीज आले, 1954 ला गेले. मग कारखाने आले, तुम्ही आलात, यूपीवाले आले, ओडिशावाले आले. इथे ओरिजिनल आम्ही. वारली, कोकणा, धोडिया. बाकी सगळे नंतर बसवलेले पार्ट."

शेठ एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गुरुजींना एक बिस्कीट दिलं. हा त्यांच्याकडून मोठाच तह होता.

त्याच दिवशी आम्ही खानवेलवरून दुधनीला गेलो. माझी स्कूटर सगळ्यात मागे, धुरात. दुधनीला मधुबन धरणाचं पाणी पसरलंय, टोप लावलेल्या शिकारा बोटी आहेत, सुट्टीला आलेली कुटुंबं लाइफ जॅकेट घालून फोटो काढतात. शेठनी बोटीचा भाव विचारला. गुरुजी म्हणाले, मी नाही येत. मग पाण्याकडे हनुवटी करून, बोटवाल्याला रस्ता सांगावा तितक्याच सहज म्हणाले, "आजाचं घर तिकडे होतं. चिंच पण होती दारात." धरणासाठी गावं उठवली हे आम्हाला ठाऊक होतं, पण बातमीसारखं. दारातली चिंच ठाऊक नव्हती. शेठनी भाव करणं सोडलं. बोटीत कोणीच बसलं नाही. अण्णांनी घराच्या कुडाचं विचारलं, चुलीची जागा विचारली, चिंच गोड होती का आंबट ते विचारलं. तो एक प्रश्न मात्र विचारला नाही.

आता मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं अण्णांच्या निंदेत जमा होईल. त्यांच्या कपाटात, वहिनींच्या पैठणीखाली, म्हैसूरचा एक स्पीडोमीटर होता. ग्रीस लावून मेणकापडात बांधलेला, न वापरलेला. स्वतःच्या गाडीचा मीटर कधीचा मेलेला, काटा चाळीसवर अडकलेला. तरी अण्णा तो नवा लावत नव्हते. "लावला की तो वापरलेला होईल." मी पाहायला मागितला तेव्हा मला हात धुऊन यायला सांगितलं होतं. ओडिशाचा एक पोरगा, यार्नच्या कंपनीत रात्रपाळीला, भंगारातून तसलीच जावा उचलून आणतो काय, महिन्याच्या पगारातून एकेक पार्ट जमवतो काय. गेल्या दिवाळीत त्याच्या हेडलाइटमध्ये तो मीटर बसलेला मी पाहिला. पोरगा म्हणाला, काकांनी दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त हात धुऊन ये म्हणाले. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय विचारता, माझी पैठणी सपाट झाली एवढं खरं."

सिल्वासाला आलात तर रविवारी आठला किलवणी नाक्यावर या. चहा ग्लासातच मागवा. अण्णा जावाची माहिती देतील, ती ऐका, निदान पहिला तास. फक्त मीटरचा काटा चाळीसवर का अडकलाय, हे विचारू नका. ते ठामपणे सांगतात, की म्हैसूरहून ओरिजिनल तसाच यायचा, आणि आम्ही चौघांनी मान डोलवायची असं ठरलेलं आहे.