पडद्यावर येण्याची पात्रता

यवतमाळला पडद्यावर यायचं तर कुणाला तरी मरावंच लागतं. शेतकरी मेले तेव्हा विदर्भ ‘नीरोज गेस्ट्स’ या माहितीपटात (२००९) दिसला. त्यातला पत्रकार पी. साईनाथांचा संताप अस्सल आहे. आजही झोप उडवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण गोळीनं मेली. तिचीच आठवण करून देणारा ‘शेरनी’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला, पण शूटिंग मध्य प्रदेशात! वाघीण आमची, भीती आमची, जंगल मात्र शेजाऱ्याचं. विद्या बालन झकास, तक्रार नाही. मालिकांचं काय सांगावं? वऱ्हाडी बोलणारी नायिका राधिका आली, तीही नागपूरची. बाकीच्या सुना भरजरी साडीतच झोपतात. आमच्या कापसाच्या जिल्ह्याला एखादा सुती गाऊन मागितला असता, तर नाही म्हटलं असतं काय बे?