बसण्याचे वय

मराठीत 'बसणे' हे फार निष्पाप क्रियापद आहे. माणसे पूजेला बसतात, परीक्षेला बसतात, पंगतीला बसतात. पण शनिवारी संध्याकाळी "काय, आज बसायचं का?" असा फोन आला की कोणी पाट-रांगोळी काढायला घेत नाही. या बसण्याला कायद्याने वयाची अट आहे, आणि आपण कुठे बसलो आहोत त्यावर ती बदलते.

हे ज्ञान मला भाच्यामुळे झाले. भाचा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या दिवाळीत ताईचे सगळे कुटुंब सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर गेले. ताई, ५२ वर्षांचे भावोजी, भावोजींचे वडील म्हणजे ८१ वर्षांचे आप्पा, आणि हा. आप्पांच्या खोलीत रात्री कोणीतरी हवे म्हणून मीही. कंपनी रॉयल कॅरिबियन, म्हणजे मुक्काम पोस्ट अमेरिका. जहाजाची नोंद बहामाची, बंदर सिंगापूरचे आणि डब्यातल्या चकल्या डोंबिवलीच्या.

पहिल्याच रात्री भाच्याने बारवर आपले कार्ड पुढे केले. बारवाल्याने जन्मतारीख पाहिली आणि बिअर दिली. ताईने माझ्याकडे असे पाहिले, जणू ती मीच गाळली होती. मी नियम वाचून दाखवला: या कंपनीचे जहाज आशियातून किंवा युरोपातून सुटले तर १८ पुरे, उत्तर अमेरिकेतून सुटले तर २१ हवेत. तेच जहाज, तोच पेला, तोच भाचा. फ्लोरिडाहून निघालो असतो तर लिंबूपाणी पीत बसला असता.

अमेरिकेत २१ च का? तर १९८४ साली तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना सांगितले, वय २१ करा, नाहीतर महामार्गाच्या अनुदानाला कात्री लावू. चार वर्षांत झाडून सगळी राज्ये सदाचारी झाली. डांबराने एवढे चारित्र्य घडवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे डांबर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात येते आणि पहिल्या पावसात जाते, चारित्र्यापर्यंत पोचतच नाही.

पण परक्यांना हसण्यात अर्थ नाही. भाचा उन्हाळ्यात मित्रांबरोबर गोव्याला गेला होता. तिथे १८ चा नियम, म्हणजे पत्रादेवीच्या सीमानाक्यापर्यंत तो कायदेशीर प्रौढ. पुढे दहा मिनिटांत महाराष्ट्रातले बांदा आले आणि प्रौढपण संपले. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरला २१ पूर्ण लागतात, बाकीच्या कडक मालाला २५. एका नाक्यात सात वर्षे! वय कमी करण्यासाठी लोक उगाच केरळात तेल चोळून घ्यायला जातात.

या आकड्यांमागे काही तत्त्व असावे म्हणून मी शोध घेतला, आणि सापडले. नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे राहायचे किमान वय २१, वाइनचेही २१. आमदारकीचे २५, व्हिस्कीचेही २५. सरकारने पेये आणि पदे एकाच कोष्टकात बसवली आहेत. राज्यसभेला आणि विधान परिषदेला मात्र ३० लागतात. त्या वयासाठी कोणते पेय राखून ठेवले आहे, ते अजून जाहीर झालेले नाही. मधल्या मध्ये २१ वर्षांच्या नवरदेवाची गोची होते. त्याला लग्न करता येते, संसार मांडता येतो, पण त्याचे दुःख हलके करायला चार वर्षे थांबावे लागते.

आणि हे सगळे नुसते वयाचे झाले. वय भरले तरी परमिट लागते. घरी, स्वतःच्या सोफ्यावर, स्वतःच्या पैशांनी प्यायची असली तरी लागते. कारण आपण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राहतो, हे गल्लोगल्ली वाइन शॉप असल्यामुळे लक्षात राहत नाही. बंदीची अंमलबजावणी ज्या खात्याकडे, त्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क. बंदी करायची आणि गल्ला मोजायचा, असे दुहेरी काम. परमिट एका दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १००, आजन्म १०००. आणि त्या कागदावर दारू कशासाठी हवी ते आधीच छापलेले असते: आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे सरकारी कागदानुसार महाराष्ट्रात चैन म्हणून कोणी पीतच नाही. थर्टी फर्स्टला रात्री दोन वाजता रस्त्यात गाणी म्हणत चाललेला घोळका हा औषधोपचार घेऊन परतणाऱ्या रुग्णांचा असतो.

इंग्लंडमध्ये १९३३ चा एक कायदा आहे. त्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाला दारू देणे हा गुन्हा. पाच पूर्ण झाली की घरात आईबापांची मर्जी. हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "शी! कसले हे आईबाप!" हीच ताई भाचा सहा महिन्यांचा असताना सर्दीवर त्याला मधातून ब्रँडी चाटवत होती. मी तसे म्हटले. ती म्हणाली, "ते औषध होतं." पुढे वाद घालता येईना, परमिटवरही तेच लिहिलेले आहे.

आता घरच्या कायद्याकडे येतो, कारण तो सगळ्यांत कडक आहे आणि कुठल्याही समुद्रात लागू पडतो. जहाजावरच्या त्या रात्री टेबलाशी तीन पिढ्या बसल्या होत्या. जहाजाचा नियम तिन्ही पिढ्यांना देत होता. भाचा आजोबांसमोर निवांत बिअर पीत होता. भावोजी सफरचंदाचा रस पीत होते. गेली तीस वर्षे दर शनिवारी 'ऑडिटला' बसणारे भावोजी, रस! आप्पा समोर होते ना. नातवाला १८ ला मिळते, मुलाला वडील हयात असेपर्यंत नाही, असा हा नियम आहे. भाच्याने बापाला विचारलेही, "बाबा, तुम्ही नाही घेत?" भावोजी म्हणाले, "मला चालत नाही रे." मी टेबलाखालून पाय मारला, तर तो आप्पांना लागला.

आप्पांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला आणि बारवाल्यापुढे ठेवला. महाराष्ट्र शासनाचे आजन्म परमिट, वयाच्या ७१ व्या वर्षी काढलेले. बारवाल्याने ते उलटे धरून आदराने वाचले. आप्पांनी बोटाने खूण करून एक लहान ब्रँडी मागितली.

"आप्पा, तुम्ही?" भावोजींच्या हातातला रस हिंदकळला.

"डॉक्टरांनी सांगितली होती, झोपताना चमचाभर," आप्पा म्हणाले. "वर्षाचे शंभर, आजन्म हजार. मी म्हटलं दहा वर्षं जगलो तर फिटतील. दिवाळीला फिटले. आता पुढचं सगळं फुकट. तुझं परमिट कुठंय?"

भावोजींकडे परमिट नव्हते. अजूनही नाही.