अप्पांचा मुक्काम

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मुंबईला निघालेला माणूस त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं आला तरी त्याला अप्पा भेटतातच. अप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन आणि घामानं पिवळी पडलेली एक छोटी वही. ‘कुठं जाऊलालाव?’ हा प्रश्न ते उत्तर माहीत असतानाच विचारतात. मुंबईला म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘कवा?’ तारीख सांगितली की अप्पा डोळे मिटतात, बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजतात आणि निकाल देतात, ‘चुकलाव.’

तारीख कुठलीही असो, ती चुकलेलीच असते. डिसेंबर म्हणालात तर अधिवेशनासाठी मंत्रालय नागपूरला गेलेलं असतं. त्यातही महिन्याचा पहिला आठवडा असेल तर सहा तारखेला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी मराठवाड्यातली प्रत्येक गाडी भरलेली असते. ‘त्या दिवशी गाडी त्यांचीच. आपण फायली घेऊन मधी शिरायचं नाही,’ हे अप्पा स्वरात कसलीही तक्रार न आणता सांगतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुण्यांच्या घरी दहावी-बारावी. ‘लेकरू आत अभ्यास करायलंय आन् तुम्ही हॉलमधी घोरायलाव, शोभतंय का?’ जुलैत मुंबई तुंबते, गणपतीत पुणं तुंबतं. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. सोमवारी साहेब मतदारसंघातून परत येत असतात, गुरुवारी पुन्हा निघायच्या गडबडीत असतात. उरतात मंगळवार आणि बुधवार. पण त्या मंगळवार-बुधवारीच सगळा महाराष्ट्र मुंबईत असतो, म्हणून गर्दी. अप्पांच्या हिशेबानं मुंबईला जाण्यासारखे दिवस वर्षात फार थोडे निघतात आणि तेवढ्यांची नोंद त्यांच्या वहीत असते.

‘कवा’ संपलं की ‘कुठं’ सुरू होतं. लॉज हा शब्द अप्पा दारू या शब्दासारखा उच्चारतात. लॉजवर उतरणारा माणूस म्हणजे ज्याला गणगोत नाही, किंवा ज्यानं ते राखलं नाही. एके काळी आमदार निवासाची खोली हा राजमार्ग होता. खोली एका आमदाराची, पण जमिनीवर सतरंजी टाकून अख्खा तालुका निजलेला. विलासराव मुख्यमंत्री होते तेव्हा तर मुंबई घरचीच वाटायची, असं अप्पा म्हणतात. मग मनोरा आमदार निवास पाडलं गेलं. पाडलेल्या इमारतीबद्दल इतकं हळवं झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता सगळी भिस्त नवी मुंबईवर आहे. खारघर, कामोठे, कळंबोली. कुणाचा भाचा कुठल्या सेक्टरला राहतो, त्याच्याकडं संडास किती, त्याची बायको कुठल्या गावची, हे सगळं वहीत आहे. बायको उदगीर-निलंग्याकडची असेल तर नावापुढं बरोबरची खूण, पुण्याची असेल तर फुली. पुण्याबाबत मात्र अप्पांना वही लागत नाही. वाघोली ते हिंजवडी निम्मं लातूर तिकडंच सरकलेलं असल्यामुळं तिथं कुणाकडं उतरायचं याची चिंता नसते. कुणाकडं उतरलो नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, याची असते. फार तर स्पर्धा परीक्षेच्या पोराची सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली. तिथं एका कॉटवर दोघं झोपू शकतात, फक्त एकानं रात्रभर चालू घडामोडी वाचत बसायचं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर अप्पा आवाज खाली आणतात आणि खरं शास्त्र सांगतात. ‘मुक्काम करायचाच कशाला?’

या शास्त्रात मुंबईत राहायचं नसतं, गाडीत राहायचं असतं. रात्री लातूर एक्स्प्रेसमध्ये पाठ टेकायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, वेटिंग रूममध्ये आंघोळ करायची. मंत्रालयात सामान्य माणसाला दुपारी दोननंतर सोडतात, तोवर घरून आणलेली धपाटी आणि शेंगाचटणी. दोन ते पाच साहेब कुठं गेलेत याची चौकशी, आणि रात्री त्याच गाडीनं परत. दोन रात्री झोप झाली, मुंबई झाली, लॉजचा एक रुपया गेला नाही. काम झालं का, हे अप्पांना विचारायचं नसतं.

म्हणून अप्पांचा सगळा राग-लोभ गाड्यांवर. लातूरला नॅरोगेज होती तेव्हा कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी धरावी लागायची. त्या फलाटावर काढलेल्या रात्रींना ते आजही ‘मुक्काम’ म्हणतात. ब्रॉडगेज आली, थेट गाडी आली, आणि २०१७ साली तीच लातूर एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत न्यायचं ठरलं. लातुरात आंदोलनं झाली. अप्पांची तक्रार शुद्ध निवासविषयक होती: रिकामी मिळणारी खोली आता बिदरकर आत झोपलेले असताना मिळणार. पुढं रेल्वेनं आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, १ नोव्हेंबर २०२४ पासून. लोकांना सोयीचं वाटलं. अप्पांना त्यांचे साठ दिवस कुणीतरी कापून नेल्यासारखं वाटलं.

नांदेडला अप्पांची जी आवृत्ती आहे तिला काका म्हणतात. काका तपोवन एक्स्प्रेसवर नाराज, कारण ती दिवसभर चालून रात्री मुंबईत सोडते. म्हणजे दिवसही गेला आणि रात्रही अंगावर. ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत नांदेडपर्यंत आली तेव्हा स्टेशनवर केवढा उत्साह होता. काकांनी वेळापत्रक हातात घेतलं आणि मान हलवली. पहाटे निघा, दुपारी पोचा. तोवर परतीची गाडी सुटलेली. ‘ही मुक्काम लावणारी गाडी हाय.’ वातानुकूलित डब्यावर इतका नेमका आक्षेप मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचला नाही.

काकांचा मूळ सल्ला मात्र वेगळाच असतो: मुंबईला जाताच कशाला, हैदराबादला जा ना. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि मोती यांच्या बाबतीत काकांनी ते अजून मानलेलं नाही. देवगिरी एक्स्प्रेस दोन्हीकडं जाते, त्यामुळं नांदेडच्या फलाटावरसुद्धा ते माणसाचं मन वळवू शकतात. जानेवारीत गेलात तर नामपल्लीला नुमाईश असते, वहिनी खूश. शिवाय काका सचखंड गुरुद्वाऱ्याच्या सावलीत वाढलेले. जगभरातून माणसं येतात, यात्री निवासात उतरतात, लंगरात जेवतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. राहण्या-जेवण्याचे पैसे घेतात ही कल्पनाच त्यांना जरा हलकी वाटते.

पुण्या-मुंबईचे लोक याला चिकटपणा म्हणतात. मला ते पटत नाही. एका सहीसाठी पाचेकशे किलोमीटर जायचं, साहेब नाहीत म्हणून परत यायचं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचं, असं ज्या मुलखाच्या पिढ्यांनी केलं, तिथं मुक्कामाचं शास्त्र तयार होणारच. हे शास्त्र किती खरं आहे ते एकाच प्रसंगी कळतं. कुणी टाटा रुग्णालयाचं नाव घेतलं की अप्पा तारीख चुकली म्हणत नाहीत. वही उघडतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता लिहून देतात, रुग्णालयाचे कागद सोबत ठेवा म्हणतात, जागा लगेच मिळाली नाही तर पहिले दिवस कामोठ्याच्या कुठल्या घरी काढायचे ते सांगतात आणि तिथं स्वतः फोन लावतात. त्या घरावर वहीत फुली असली तरी लावतात.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. लातूर पॅटर्नच्या कृपेनं अप्पांच्या घराला वरचा मजला चढला आहे. तिथं नीटची तयारी करणारी नांदेड, बीड, हिंगोलीकडची पोरं कॉट बेसिसवर राहतात, भाडं आगाऊ. एखाद्या पोराचा बाप ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि तुपाची बरणी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं येतो, आणि जिन्यापाशी थबकतो. तिथं अप्पांच्या सुंदर अक्षरात पाटी आहे: ‘पालकांनी भेटून जावे. मुक्काम करू नये.’

तेव्हा मुंबईला जायचं असेल तर अप्पांना जरूर विचारा, दोन महिने आधी विचारा. लातूरला यायचं असेल तर मात्र सरळ लॉज बघा.