फुकट नेटचे नाना

आमच्या नानांना कुठलीही गाडी पकडायची नसते, तरी दुपारी ते हमखास पुणे स्टेशनवर सापडतात. जानेवारी 2016मध्ये गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीने मुंबई सेंट्रलला फुकट वायफाय सुरू केलं, पुढे ते पुण्यालाही आलं आणि निवृत्त नानांना पुन्हा नोकरी लागली. 2020मध्ये गूगलने यातून अंग काढून घेतलं. नानांनी नाही.

फुकट मिळतो अर्धा तास, तोही एका नंबरला दिवसातून एकदाच. म्हणून नानांच्या पिशवीत स्वतःचा फोन, काकूंचा फोन आणि सुनेचा तडा गेलेला जुना फोन असतो. चौथा नंबर मुलाचा. तो मुलाबरोबर हिंजवडीला जातो, ही नानांची मोठी अडचण. बँकेचा ओटीपी काकूंनाही न सांगणारे नाना स्टेशनच्या ओटीपीसाठी मुलाला भर मीटिंगमध्ये फोन लावतात. "आला का? वाच पटकन, जाईल तो!"

मग पंख्याखालच्या बाकावर बसून उतरवणं सुरू होतं. कीर्तनं, गुडघेदुखीचे व्यायाम, कुणाच्या तरी शेततळ्याचा व्हिडिओ. पाहायला वेळ कुणाला आहे? घरचा रोजचा दीड जीबी तसाच पडून असतो आणि रात्री बाराला संपतो. नाना त्याला 'वाचवलेला' म्हणतात.

स्टेशनच्या याच फुकट वायफायवर एर्नाकुलम स्टेशनचा एक हमाल ओझी वाहताना कानात धडे ऐकत राहिला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. 2018मध्ये ही बातमी गाजली होती. नानांना ती भयंकर आवडली. तिन्ही फोनांत उतरवून ठेवली आहे.

आता फलाटावर बसायचं तर फलाट तिकीट हवं. 10 रुपये, दोन तास. चार नंबर, प्रत्येकी अर्धा तास. हिशेब तंतोतंत जमतो. परवा मी भोचकपणा केला. म्हटलं, "नाना, रेलटेलने 2021मध्ये पैसे भरून वापरायच्या योजना आणल्या, त्यात 10 रुपयांत दिवसभराला 5 जीबी होतं. तेही फुकटच्यापेक्षा कितीतरी वेगात. तुमचं तिकीटही 10 रुपयांचंच ना?"

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, विकतचंच घ्यायचं तर एवढ्या लांब स्टेशनवर कशाला येऊ?"