दोन सरकारांचे मेयरसाहेब

१६ एप्रिल १९४२ रोजी जपानी फौज फिलिपिन्समधल्या पनाय बेटावर उतरली. त्या दिवशी इलोइलो प्रांतातल्या आमच्या मेयरसाहेबांनी दोन कामे उरकली. अमेरिकेचा झेंडा नीट घडी घालून भाताच्या कणगीत तळाशी ठेवला, आणि बायकोला एक पांढरी चादर धुवायला काढायला सांगितली. मधल्या तांबड्या गोळ्याचे मागाहून पाहता येईल, पण कापड स्वच्छ हवे, असे त्यांचे म्हणणे पडले.

मेयरसाहेबांचे नाव विचारू नये. ते कुणी एक नव्हतेच. गावात परक्या फौजेचे ठाणे आणि समोरच्या डोंगरात दुसरे सरकार, अशी स्थिती जिथे जिथे होती तिथे तिथे हे गृहस्थ कचेरीत खुर्ची धरून बसलेले आढळत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने आडवे, पांढरा सूट, हातात पंखा. बाप्तिस्मा स्पेनच्या राजवटीत झालेला, शाळा आणि मेयरकी अमेरिकेच्या. मधल्या धामधुमीत फिलिपिनो क्रांतिकारकांचा झेंडाही लहानपणी पाहिलेला. त्यामुळे जपानचा झेंडा त्यांच्या हिशेबी चौथा. सरकार कोणतेही येवो, पहिल्या आठवड्यात त्याला तीन गोष्टी लागतात, हा त्यांचा अनुभव: तांदूळ, मजूर आणि टाळ्या. टाळ्या फुकट असल्याने त्या भरपूर द्याव्यात म्हणजे तांदळात थोडी घासाघीस करता येते.

पण या खेपेला सरकारे एकदम दोन आली. इलोइलो शहरात जपान्यांच्या छत्राखाली डॉ. फेर्मिन काराम गव्हर्नर झाले. युद्धाआधीचे गव्हर्नर तोमास कॉन्फेसोर डोंगरात निघून गेले, आणि तिथून कर, शाळा, न्यायनिवाडा, सगळा कारभार हाकू लागले. प्रांत एक, गव्हर्नर दोन. कारामांनी कॉन्फेसोरना शरण येण्याची गळ घातली; कॉन्फेसोरनी फेब्रुवारी १९४३ मध्ये तिला असे खणखणीत उत्तर दिले की त्या पत्राच्या नकला हातोहात फिरल्या. एक नक्कल मेयरसाहेबांकडेही आली. ‘शरण या’ म्हणणारी कारामांची परिपत्रके आणि ‘येत नाही’ म्हणणारे कॉन्फेसोरांचे पत्र त्यांनी एकाच फायलीत लावले. विषय एकच असल्यामुळे दोन फायली करणे त्यांच्या कारकुनी मनाला पटेना.

बरे, डोंगरात तरी एकमत असावे! तर तेही नाही. गनिमी सैन्याचे प्रमुख मकारियो पेराल्ता आणि मुलकी सत्ता सोडायला तयार नसलेले कॉन्फेसोर यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. म्हणजे रात्री भात न्यायला एक माणूस आला की तो गव्हर्नरांचा की सेनापतींचा, हे अंधारात ओळखून पावती मागायची. मेयरसाहेब पावतीशिवाय दाणाही देत नसत. जपानी कप्तानाने एकदा ऐंशी पोती मागितली. साठ त्याला पोचली, वीस वाटेत गनिमांनी लुटल्याची नोंद झाली. लूट कोणत्या वाटेवर, किती वाजता आणि किती बैलगाड्या घेऊन करावी, याचा निरोप मेयरसाहेबांनीच आदल्या रात्री धाडला होता.

वेळेचा घोटाळा तर अजबच होता. जपान्यांनी साऱ्या फिलिपिन्सला टोकियोची वेळ लावली. घड्याळे एक तास पुढे गेली. कचेरीतले घड्याळ मेयरसाहेबांनी ताबडतोब पुढे केले. खिशातले तसेच ठेवले, कारण डोंगरातली माणसे जुन्या वेळेने यायची. कचेरीच्या घड्याळात पाच वाजले की जपानी कामकाज संपे. खिशातल्या घड्याळात पाच वाजेपर्यंत डोंगराचे सुरू होत नसे. मधला एक तास ते कुठल्याच राज्याचे प्रजाजन नसत. तेवढ्यात ते झोप काढीत.

नोटांचेही तेच. जपानी फौजेच्या नोटांना लोक ‘मिकी माऊस’ म्हणत. भाव असे चढले की बाजाराला जाताना त्या वेताच्या पिशवीत कोंबून न्याव्या लागत. डोंगरात गनिमांच्या सरकारने स्वतःच्या नोटा छापल्या होत्या. ती नोट गावात सापडली तर मान जायची. जपानी नोट डोंगरात दाखवली तर कोण संशय घेईल सांगता येत नसे. मेयरीणबाईंनी त्यांच्या सुटाला आतून एक चोरखिसा शिवला. उजवीकडे टोकियो, डावीकडे डोंगर. रोज घराबाहेर पडताना त्या विचारायच्या, “अहो, आज कुठला हात कुठल्या खिशात?” आणि मेयरसाहेब पाठ म्हणून दाखवीत. शाळेत पाढेही त्यांनी इतक्या मनापासून म्हटले नव्हते.

डिसेंबर १९४२ मध्ये सगळे राजकीय पक्ष मोडीत निघाले आणि ‘कालिबापी’ ही एकच संघटना उरली. शहरातल्या शिकलेल्या मंडळींना याचे दुःख झाले. मेयरसाहेबांना झाले नाही. पंचवीस वर्षे जे विरोधक त्यांना मते मिळू देत नव्हते, ते आता नाइलाजाने त्यांच्याच शेजारी बसून जपानी सम्राटाच्या वाढदिवशी, २९ एप्रिलला, टोकियोच्या दिशेने तोंड करून वाकत होते. विरोधकाला वाकलेला पाहण्यासाठी स्वतःही थोडे वाकावे लागले तर त्यांची तक्रार नव्हती. पहारेकऱ्यापुढे मात्र ते जपून वाकत. कमी वाकले तर थप्पड, जास्त वाकले तर मागे उभ्या गावकऱ्यांत हशा. थप्पड विसरली जाते, हशा पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो.

हो, पुढची निवडणूक! देशात लढाई पेटलेली असताना ती त्यांच्या डोक्यातून एक दिवसही गेली नाही. आणि यात ते एकटे नव्हते. इतिहासकार आल्फ्रेड मॅकॉय यांनी या भागातल्या युद्धाचा अभ्यास करून दाखवले आहे की, इथले जपानविरोधी आणि जपानबरोबरचे हे तट पुष्कळसे युद्धाआधीच्या स्थानिक गटबाजीच्या रेघेवरच पडले. म्हणजे अमुक घराणे शहरात राहिले म्हणून तमुक घराणे डोंगरात गेले. विहिरीचा वाद, उसाच्या बांधाचा वाद, मिरवणुकीत पालखीपुढे कुणी चालायचे याचा वाद, सगळे आता राष्ट्रकार्य झाले होते. बांध कोरणारा शेजारी रातोरात देशद्रोही ठरे, आणि त्याने उलट तक्रार कप्तानाकडे नेली की बांध कोरून घेतलेला शेजारी गनीम ठरे. मेयरसाहेबांच्या टेबलावर असे निनावी अर्ज रोज येत. ते अक्षरावरून लेखक ओळखत, अर्ज घडी घालून खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारत आणि लेखकाला बोलावून घेऊन बांधाचा निकाल लावत. असे किती जीव त्या खुर्चीखाली वाचले कोण जाणे. खुर्ची मात्र स्थिर झाली.

१९४३ च्या उत्तरार्धात गमतीला जागा उरली नाही. जपानी फौजेने डोंगर विंचरायला घेतले, वस्त्या जाळल्या, माणसे तलवारीने मारली. २० डिसेंबरला कापीस प्रांताच्या रानात लपलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनाही ठार केले. मेयरसाहेबांच्या गावातही ‘सोना’ झाला. सगळ्या पुरुषांना चर्चमध्ये कोंडायचे आणि डोक्यावर पिशवी ओढलेला खबऱ्या ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला बाहेर काढायचे, हा तो प्रकार. बोट पहिल्या माणसावर स्थिरावले तेव्हा मेयरसाहेब पुढे झाले.

“कप्तानसाहेब, हा माझा कुम्पारे आहे.”

कुम्पारे म्हणजे ज्याच्या पोराला आपण बाप्तिस्म्याच्या वेळी धरले तो बाप. तिकडे हे नाते रक्ताच्या खालोखाल. कप्तानाने त्याला सोडले. बोट दुसऱ्याकडे गेले. “हाही माझा कुम्पारे.” तिसरा, चौथा, पाचवा. कप्तानाला वाटले, हा आपल्याला बनवतो आहे. त्याने पाद्र्याकडून बाप्तिस्म्याची वही मागवली आणि दुभाष्याला वाचायला लावली. पानापानावर धर्मपिता म्हणून एकच नाव. पंचवीस वर्षे मतांच्या आशेने मेयरसाहेब गावातले एकही बारसे चुकवत नव्हते, आणि त्या पुण्याईवर त्या सकाळी बरेच जण घरी गेले. सगळे गेले नाहीत. तिघांना पोरे नव्हती.

त्या तिघांबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. मात्र त्यानंतर गावात कुणाचे लग्न झाले की ‘पोर कधी?’ असे ते इतक्या घाईने विचारू लागले की नव्या सुना त्यांच्या वाटेला जाईनात.

१९४४ मध्ये पाणबुड्यांतून अमेरिकन सिगारेटी येऊ लागल्या. पाकिटावर अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांचे ‘मी परत येईन’ हे वचन छापलेले. मेयरसाहेबांनी कणगीमागे बसून एक पाकीट संपवले आणि मग पाकीट जाळले. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन फौज खरोखरच पनायवर उतरली तेव्हा त्यांना हळहळ वाटली. ज्या कागदासाठी काल मान गेली असती, तोच आज देशभक्तीचा दाखला झाला होता. देशभर दहा लाखांहून जास्त लोकांनी ‘आम्ही गनीम होतो’ असे अर्ज केले. अमेरिकेने त्यातले अडीच लाखांच्या आसपास मानले. मेयरसाहेबांचा अर्ज नामंजूर झाला. त्यांनी फाईल जोडली होती, पण तिच्यात दोन्ही सरकारांच्या पावत्या होत्या.

उलट बाजूने फितुरीची तक्रारही झालीच. १९४५ मध्ये लोकन्यायालय बसले, हजारो खटले दाखल झाले. पण १९४६ ला लोकांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले ते मॅन्युएल रोहास यांना, जे जपानी काळातले राष्ट्राध्यक्ष होसे लॉरेल यांच्या सरकारात तांदळाचे काम पाहत होते. आणि त्यांनी पुढे २८ जानेवारी १९४८ रोजी राजकीय सहकार्याच्या आरोपींना माफी दिली. लॉरेल तर १९४९ ला स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. वरच्या मंडळींची ही तऱ्हा, मग गावच्या मेयरने कशाला लाजावे?

त्या माफीची वाट न पाहता नोव्हेंबर १९४७ च्या स्थानिक निवडणुकीला मेयरसाहेब उभे राहिले. समोर डोंगरातून उतरलेला एक तरुण लेफ्टनंट. शेवटच्या सभेत त्याने आग ओकली: या माणसाने जपान्यांपुढे कंबर वाकवली, आमच्या तोंडचा घास काढून शत्रूला ऐंशी पोती तांदूळ दिला! टाळ्या पडल्या. तो मंचावरून उतरला, गर्दीत उभ्या असलेल्या मेयरसाहेबांपाशी आला आणि धर्मपित्याच्या रिवाजाने त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला.

“भाषण छान झालं रे पोरा,” मेयरसाहेब म्हणाले. “फक्त आकडा नीट सांगत जा. त्यांना साठच दिली. वीस तुझ्या छावणीत शिजली, आणि त्याची पावती तुझ्याच सहीची आहे.”