किलोचा भाव आणि पार्टचा भाव

जालन्यात लोखंड येतं ते मरायला. ठिकठिकाणचं भंगार ट्रकांत भरून इथल्या औद्योगिक वसाहतीत उतरतं, भट्टीत जातं, बिलेट होऊन बाहेर पडतं, रोलिंग मिलमधून लालबुंद सळई होऊन धावतं आणि थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये कायमचं आडवं होतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजोबांच्या वेळची. आता पाळण्यात लोखंड आहे. अशा गावात राहून एका इसमाने ठरवलं, की टनभर लोखंड भट्टीपासून वाचवायचं आणि वर ते रस्त्यावर पळवायचं. तो इसम म्हणजे मी.

लोखंडाचं पूर्ण नाव अँबॅसडर, मार्क फोर, डिझेल, मॉडेल १९८७. वडिलांनी घेतलेली. घरातल्या प्रत्येक लग्नात नवरदेव हिच्यातच बसून गेला. मीही गेलो. येताना शेजारी बायको होती, आणि गाडी बदनापूरच्या अलीकडे बंद पडल्यामुळे शालू नेसलेल्या अवस्थेत तिला पहिला धक्का मारावा लागला. त्या दोघींचं तेव्हापासून जे बिनसलं ते बिनसलंच.

ही गाडी व्हिंटेज आहे का, असं लोक विचारतात. नाही. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला, त्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेली की व्हिंटेज. म्हणजे आमचा मान २०३७च्या पुढे. तोवर ती नुसतीच म्हातारी, आणि दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहून नोंदणी वाढवून घेणार. माणसाचं नेमकं उलटं असतं: पन्नाशीपर्यंत कुणी विचारत नाही आणि पन्नाशीनंतर दर सहा महिन्यांनी शुगर. त्यातही गंमत अशी, की व्हिंटेजचा मान मिळाला की गाडी रोज रस्त्यावर फिरवायला बंदी; प्रदर्शन, रॅली, फार तर डिझेल भरायला आणि दुरुस्तीला. आमच्या गाडीचा निम्मा प्रवास आत्ताही दुरुस्तीलाच होतो, तेव्हा नियम आम्हाला जाचक नाही.

परवा पुतण्या नवी गाडी दाखवायला आला. बॉनेट उघडून म्हणाला, “काका, आपली फ्युएल इंजेक्टेड आहे.” मी त्याला खुर्ची दिली. बाबा रे, डिझेल इंजिनला दुसरा इलाजच नाही. त्याला कार्ब्युरेटर नाही, ठिणगी नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की आत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटावं. रुडॉल्फ डीझेलचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला नीट चाललं, तेव्हा ते तेल आत फुंकायलाच वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. तो मोटारीत ठेवला तर माणसं टपावर बसवावी लागली असती. १९२७ साली बॉशने मुठीत मावेलसा नाही तरी बॉनेटमध्ये मावेलसा पंप विकायला काढला आणि डिझेल रस्त्यावर आलं. पेट्रोलवाल्यांची ती पंखासारखी दारं उघडणारी मर्सिडीज ३०० एसएल इंजेक्शन घेऊन आली १९५४ला. “म्हणजे घराण्याच्या हिशेबाने,” मी म्हटलं, “तुझी गाडी आमच्या गाडीची धाकटी जाऊ.” पुतण्याने चहा अर्धा ठेवला.

तर अशा या घरंदाज इंजिनाने गेल्या उन्हाळ्यात धूर काढायला सुरुवात केली. धुराचं एक शास्त्र आहे. काळा असेल तर तेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय नाहीतर पाणी शिरलंय. आमची गाडी तिन्ही रंग आलटूनपालटून दाखवत होती. मंठा चौफुलीच्या पुढे आमच्या उस्तादांचं गॅरेज आहे. उस्तादांनी गाडी बंद करायला लावली, बॉनेट उघडलं आणि आत उतरले. खरोखर उतरले, अँबॅसडरच्या बॉनेटमध्ये इंजिनाच्या कडेने माणूस उभा राहू शकतो, ही सोय नव्या गाड्यांत राहिलेली नाही. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “साब, नोझल सब मरेले हैं. पंप जिंदा है, पन बेहोश है.”

“आणि रिंग-पिस्टन?”

“उसका तो चालीसवाँ भी हो गया.”

मग इंजिन खाली उतरलं. ब्लॉक लेथवर गेला. सिलिंडरचं बोअर झिजलं की ते थोडं मोठं करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात: आधी वीस थाऊ, मग तीस, मग चाळीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या ब्लॉकचे चाळीस कधीच होऊन गेले होते, तेव्हा लायनर ठोकणं आलं. हे इंजिन इंचांच्या जगातलं आहे, हा एक स्वतंत्र छळ. नऊ-सोळांश इंचाचा नट मिलिमीटरमध्ये १४.३ भरतो. चौदाचा पाना चढत नाही, पंधराचा फिरत राहतो आणि नट गोल करून ठेवतो. पुतण्याने वाढदिवसाला मला चकचकीत पान्यांचा संच दिला आहे. त्यातला एकही पाना या गाडीला लागत नाही. त्यावरून हेतू स्पष्ट दिसतो.

पंपाची गोष्ट वेगळी. पंपवाल्याकडे गेल्यावर चपला बाहेर काढायच्या, कारण आत धूळ चालत नाही. पंपातला रोटर आणि त्याचं हेड यांच्यामधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. दोन्ही एकमेकांत घासून जुळवलेले असतात. मी भंगारातून एक सुरेख रोटर मिळवला होता, आणि हेड आमचंच वापरा म्हणालो. पंपवाल्याने तो रोटर दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. “ये मियाँ-बीवी हैं साब. झगडेंगे, घिसेंगे, पन अदलाबदली नहीं होती.” नोझल तपासायची तऱ्हाही पाहण्यासारखी. हाताच्या दांड्याने दाब वाढवत न्यायचा, शंभर बारच्या वर गेला की नोझलने चर्र आवाज करून धुक्यासारखा बारीक फवारा सोडला पाहिजे. आवाज न करता थेंब टपकला की नोझल बाद. फवाऱ्याखाली हात मात्र धरायचा नाही; डिझेल सरळ कातडीतून आत जातं. पुतण्याच्या गाडीला लॅपटॉप लावून जे कळतं, ते हा माणूस डोळे मिटून कानाने सांगतो, आणि बिल कमी लावतो.

आता पार्ट. अँबॅसडरचं उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४च्या मे महिन्यात थांबलं, आणि डिझेल मार्क फोरचे सुटे भाग त्याच्या कितीतरी आधी दुर्मीळ झाले. कोलकात्याचा मल्लिक बाजार, मुंबईचं कुर्ला, पुण्याचा जुना बाजार ही या पंथाची मोठी तीर्थं. पण जालनेकराने तीर्थाला का जावं? देवच रोज ट्रकमधून आमच्या दारावरून जातात.

जालन्याच्या भंगारात वस्तूला दोन भाव असतात, एक किलोचा आणि एक पार्टचा. ढिगात पडलेला डायनॅमो असो, वॉटर पंप असो की मॅनिफोल्ड, तो भंगार असतो तोवर किलोने जातो. पत्रा वेगळा, बीड वेगळं, तांबं-पितळ वेगळं. म्हणून रेडिएटर सगळ्यांत आधी गायब होतो. पण तुम्ही एखादा तुकडा उचललात, त्यावरचा चिखल अंगठ्याने पुसलात आणि तुमचा चेहरा जरासा उजळला, की मालकाच्या तोंडातला तंबाखू थांबतो.

“त्ये ठिवा खाली. भंगार न्हाई त्ये, पार्ट हाय.”

“अहो, आत्ताच तर किलोनं म्हणालात.”

“आत्ता तुम्ही हसले न्हवते.”

यावर मी एक तोड काढली होती. बायकोला सोबत न्यायचं. तिचा गाडीवरचा राग अस्सल असल्यामुळे अभिनयाची गरज पडत नसे. मी ढिगात शोधत राहायचो आणि ती मागून, “अहो, काय ही घाण गोळा करताय? घरात जागा आहे का? टाका ते!” असं करवादायची. मालकाला वाटायचं, गिऱ्हाईक आता जातंय. भाव सरळ किलोवर यायचा. ही युक्ती पावसाळाभर उत्तम चालली. घात झाला तो दसऱ्याच्या सुमारास. मी दुसऱ्याच ढिगात वाकलो होतो, आणि ही मागून आनंदाने ओरडली, “अहो, हा बघा तुमचा थर्मोस्टॅटचा एल्बो! किती दिवस शोधत होतात!” मालकाने तो एल्बो तिच्या हातातून अदबीने काढून घेतला आणि आत कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून आमच्या घरात डायनिंग टेबलावर सुट्या भागांबद्दल दोन माणसं बोलतात.

काही भाग पैशाने मिळतच नाहीत, कारण त्यांचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. तिथे अदलाबदल. मला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हवा होता. तो अंबडला एका गृहस्थांच्या गोठ्यात होता, त्यावर कोंबडी बसत असे. त्यांना पैसे नकोत, मेव्हण्याच्या प्रीमियर पद्मिनीसाठी डिकीचं कुलूप हवं. कुलूप परतूरला एका निवृत्त गुरुजींकडे निघालं. गुरुजींना हवा मॅटॅडोरचा डावा आरसा. आरसा मंठ्याला, आणि आरशाच्या मालकाला राजदूतच्या पेट्रोल टाकीचं झाकण पाहिजे. असा दक्षिण जालना जिल्हा पालथा घालून, चहा पिऊन पिऊन जिभेला चट्टे पाडून मी घरी आलो, तर बायको म्हणाली, “राजदूतचं झाकण? माळ्यावर मामंजींच्या राजदूतची अख्खी टाकी आहे की.” झाकण मंठ्याला गेलं, आरसा परतूरला, कुलूप अंबडला, आणि मॅनिफोल्ड आमच्याकडे. कोंबडीने तेवढी थोडी खळखळ केली.

मदत परदेशातूनही आली. हे १४८९ सीसीचं इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. इंग्लंडमध्ये ते छोट्या ट्रॅक्टरमध्ये बसलं आणि कालव्यांतल्या लांबुडक्या, अरुंद होड्यांमध्येही. तिथे कालव्यात वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणून ते आजही सुखाने नांदतंय. बर्मिंगहॅमला असलेल्या भाच्याने अशा एका होडीचा आवाज फोनवर पाठवला. वडील दुपारचे पडले होते. ते अंथरुणातूनच ओरडले, “अरे, गाडी कुठं चालवलीस मला न सांगता?” भाच्याने मग होडीवाल्याकडून हेड गॅस्केट मिळवून पाठवलं.

दिवाळीनंतर इंजिन जोडलं. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिन जन्मात सुरू होत नाही, म्हणून एकेक नट सैल करून फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, फेस गेला की आवळायचं. हीटर प्लग तापवले. सेल्फ मारला. उस्तादांनी “बिस्मिल्ला” म्हटलं, वडिलांनी “गजानना” म्हटलं. पहिल्यांदा जो पांढरा धूर निघाला, त्याने गल्ली भरली. समोरच्या काकूंनी महापालिकेची डासांची गाडी आली असं समजून घाईघाईने देव्हारा झाकला. मग धूर विरला आणि इंजिन धडधडायला लागलं.

उस्ताद म्हणाले, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, रिंगा बसायला पाहिजेत. बायकोने विचारलं, “आधी कधी गेली होती का वर?” समृद्धी महामार्ग गावाला खेटून जातो, पण तिथे एकशेवीसची मर्यादा, त्यावर चाळीसने जाणारी गाडी लोकांना धोक्याची खूण वाटेल. तेव्हा आम्ही अंबडचा रस्ता धरतो, डिकीत मोसंबीच्या गोण्या भरतो आणि घाटमाथ्यावर गेल्याच्या रुबाबात परत येतो.

एवढ्यावर गाडी पूर्ण झाली असती, फक्त नोझलची ओव्हरफ्लो नळी अजून प्लास्टिकच्या जोडावर आहे. वाचकांपैकी कुणाच्या अंगणात, गोठ्यात, माळ्यावर १४८९ सीसी डिझेलची अस्सल पितळी नळी पडली असेल, तर कळवावं. बदल्यात राजदूतची टाकी देईन, झाकणाशिवाय. पैसेच हवे असतील तर पितळाच्या किलोच्या भावाने घेईन, आणि घ्यायला येताना मी हसणार नाही.