साहेब गेला, ‘नीडफुल’ राहिले

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारी पुस्तके एसटी स्थानकावरच्या स्टॉलवरही मिळत असली, तरी त्या चुकांच्या आधारावर केवढा कारभार सुरळीत चालतो, हा विषय उपेक्षितच राहिला आहे. ‘डू द नीडफुल’, म्हणजे ‘आवश्यक ते करावे’, हा एकेकाळी इंग्लंडातही शिष्टसंमत असलेला वाक्प्रचार तेथे जवळजवळ लोपला. भारतीय कार्यालयांनी मात्र तो जिवापाड जपला, कारण आवश्यक ते नेमके काय, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागत नाही. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यातून कर्ता जसा कर्मणी प्रयोगाच्या आडोशाने निसटतो, तसे येथे कामच निसटते आणि फाइल पुढच्या टेबलावर जाते.

त्या टेबलावरून ‘विल रिव्हर्ट’ असे उत्तर येते. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे, त्यामुळे ‘कळवतो’ या अर्थी त्याचा वापर शुद्धतावाद्यांना खटकतो; परंतु ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन तीच फाइल मूळ टेबलावर अवतरते, तेव्हा हा प्रयोग कोशातील अर्थाशी तंतोतंत जुळल्याचे मान्य करावे लागते. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, या शब्दाला ऑक्सफर्डच्या कोशानेही पदरात घेतले आहे. प्रमुख पाहुण्यांसाठी दीपप्रज्वलन तासभर खोळंबणाऱ्या देशात तो रुजावा, हा आशावादाचा कळसच होय.

‘कझिन ब्रदर’च्या बाबतीत दोष शिकणाऱ्याचा मानणे अन्यायाचे ठरेल. चुलत, आते, मामे आणि मावस अशी सगळी भावंडे एकाच शब्दात कोंबून, त्यातला भाऊ कोण आणि बहीण कोण हेही न सांगणाऱ्या भाषेत साधी लग्नपत्रिका छापणे अशक्य आहे. ‘ठाण्यातच राहतो’मधला ‘च’ सोडवत नाही, म्हणून ‘आय स्टे इन ठाणे ओन्ली’ म्हणणाराही सहानुभूतीस पात्र आहे.

‘एंट्री फ्रॉम बॅकसाइड’ या पाटीला मात्र क्षमा नाही. ‘बॅकसाइड’ म्हणजे ढुंगण, हे अस्खलित इंग्रजीची हमी देणाऱ्या शिकवणी वर्गांत सांगितले जात असेलही. परंतु अशा कित्येक वर्गांचा जिना इमारतीच्या मागेच असतो आणि ही पाटी त्यांनाच लावावी लागते.